रॅपमधली गोष्ट आणि चाहत्याचं वेड: आमच्या अभ्यासिकेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात. नदी ओलांडली की पलीकडे कौंडण्यपूर. गावच्या अभ्यासिकेत दर उन्हाळ्यात संध्याकाळी आम्ही गाणी वाचतो. आधी ऐकतो, मग कागदावर उतरवून वाचतो. सगळ्यात जास्त वेळ आम्ही एमिनेमच्या ‘स्टॅन’ या एका रॅपला देतो. त्यावरून पोरं, त्यांचे आईवडील आणि शेजारच्या गावचे शिक्षक जे विचारतात, ते इथे लिहून ठेवलं आहे. काही प्रश्न विचारणाऱ्याच्याच बोलीत ठेवले आहेत.

अभ्यासिकेत रॅप कायले? पोरायले परीक्षेचं शिकवा ना.

परीक्षेचं शिकवतोच, सकाळी. पण हे पोट्टे वेचणीला जातात, गुरांमागे जातात, तेव्हा कानात जे वाजत असतं ते बहुतेक वेळा रॅप असतं. दिवसाचे तीन-चार तास जी गोष्ट माणूस ऐकतो, ती त्याला नीट वाचता यावी असं मला मनापासून वाटतं. कविता कशी वाचायची हे पाठ्यपुस्तकातून शिकवताना माझा घसा कोरडा पडला होता. हे गाणं लावलं त्या संध्याकाळी दिवे गेले, तरी एकही जण उठला नाही.

रॅप म्हणजे नुसती भराभर बडबड. त्यात गोष्ट कुठी हाये?

हा प्रश्न ज्यांनी विचारला, त्यांनी तरुणपणी खडी गंमत, म्हणजे आपल्याकडचा तमाशा, पाहिलेली होती. मी त्यांना विचारलं, शाहीर डफावर कथा लावायचा तेव्हा तो गायचा की बोलायचा? ते म्हणाले, दोन्ही. रॅपचंही तेच आहे. ठेका धरायचा, यमकावर यमक बांधत जायचं आणि त्यातून सांगायचं.

या प्रकाराचं मूळ न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथल्या एका इमारतीत डीजे कूल हर्कने वाजवलेली पार्टी हिप-हॉपचा, म्हणजे रॅप ज्यातून आला त्या संगीताचा, जन्मदिवस मानली जाते. सुरुवातीला लोकांना नाचवणं, उचकवणं हेच काम होतं. १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅशच्या गटाने गरीब वस्तीचं वर्णन रॅपमध्ये आणलं. १९८८ साली स्लिक रिकने तर भाच्यांना झोपवताना सांगतात तशी एका चोरी करणाऱ्या पोराची आख्खी कहाणी रॅपमध्ये सांगितली. म्हणजे गोष्ट सांगायची रीत आधीपासून होती. ‘स्टॅन’ त्या रीतीत फार पुढे गेलं, एवढंच.

‘स्टॅन’ची गोष्ट थोडक्यात सांगाल का?

एमिनेम हा अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा रॅपर, खरं नाव मार्शल मॅथर्स. मे २००० मध्ये त्याचा जो अल्बम आला, त्यात हे पावणेसात मिनिटांचं गाणं आहे. चार कडवी. पहिली तीन स्टॅन नावाच्या चाहत्याची, चौथं खुद्द गायकाचं.

पहिल्या कडव्यात स्टॅन पत्र लिहितो. याआधी दोन पत्रं पाठवली होती, ती मिळाली नसतील, कदाचित पत्ता गिचमिड लिहिला गेला असेल, असं तो स्वतःच समजून घेतो. खोली तुझ्या पोस्टरांनी भरलेली आहे, मैत्रीण गरोदर आहे, मुलगी झाली तर नाव काय ठेवणार तेही सांगतो. गोड पत्र आहे.

दुसऱ्यात कुरबुर सुरू होते. उत्तर नाही. कार्यक्रमाबाहेर चार तास थंडीत उभा होतो, सोबत सहा वर्षांचा धाकटा भाऊ मॅथ्यू होता, त्याला सही तरी द्यायची होतीस. वडिलांनी आईला मारल्याचं सांगतो. छातीवर तुझं नाव गोंदवलंय म्हणतो. स्वतःला इजा करून घेतो, तेही सांगतो.

तिसऱ्यात पत्र नाही, कॅसेट आहे. स्टॅन प्यायलेला आहे, पावसात गाडी हाकतो आहे, मैत्रीण डिक्कीत बंद आहे. सहा महिने झाले आणि तुझा एक शब्द नाही, असं तो ओरडतो. मग गाडीचा आवाज, पाण्याचा आवाज.

चौथ्यात गायक उत्तर लिहायला बसतो. उशीर झाला, कामात होतो. भावासाठी टोपीवर सही करून पाठवतो आहे. तुला कोणाशी तरी बोलायची, उपचारांची गरज आहे. मग तो बातम्यांत पाहिलेली एक घटना सांगू लागतो: एका माणसाने गाडी पुलावरून घातली, डिक्कीत गरोदर मैत्रीण, गाडीत एक कॅसेट. सांगता सांगता त्याला कळतं की तो माणूस म्हणजे हाच. गाणं तिथेच तुटतं.

इंग्रजी येत नाही मले. मंग कसं समजन?

पहिल्या वेळी अर्थ सोडून द्या. फक्त आवाज कुठे वर जातो, कुठे थरथरतो, मागे काय वाजतं यावर कान ठेवा. आमच्याकडे सातवी शिकलेल्या एका बाईने इंग्रजीचा एक शब्द न कळता सांगितलं होतं, “हा पोरगा आधी लाडात बोलून राहिला, मंग रुसला, मंग पिसाळला. अन् शेवटचा मानूस दुसराच हाये, त्याले अजून काहीच मालूम नाही.” आख्खी रचना तिने पकडली होती.

दुसऱ्या वेळी ओळ-ओळ मराठीत सांगतो. तिसऱ्या वेळी प्रत्येकाने आपल्या बोलीत गोष्ट सांगायची, जणू पारावर बसून काल घडलेलं सांगतो आहे.

पण गोष्ट सांगायची खुबी नेमकी कशात आहे?

माझ्या मते चार ठिकाणी, आणि चारही सारख्या वजनाच्या नाहीत.

सगळ्यात मोठी खुबी वेळेची. पत्र टाकलं की वाट पाहायची, हे आज विशीच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. त्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या खुणा आहेत, वाचलं की नाही ते लगेच दिसतं. स्टॅनला काहीच दिसत नाही. पत्र पोचलं का, वाचलं का, वाचून टाकून दिलं का, हे त्याला कधी कळत नाही आणि त्या न कळण्यात तो स्वतः अर्थ भरत जातो. आधी “पोचलं नसेल”, मग “वेळ नसेल”, मग “मुद्दाम”. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना हे पोरांपेक्षा लवकर समजलं. मुंबईला किंवा सुरतेला गेलेल्या पोराच्या कार्डाची वाट त्यांनी पाहिली आहे. पोस्टमन दारावरून सायकल न थांबवता गेला की पोटात काय होतं, ते त्यांना ठाऊक आहे. आणि या गाण्याची सगळ्यात क्रूर गोष्ट हीच की उत्तर येतं. चांगलं येतं, समजूतदार येतं. फक्त वेळ टळून गेलेली असते.

दुसरी खुबी हाक मारण्यात. पहिल्या दोन कडव्यांत स्टॅन जवळच्या नावाने बोलतो. तिसऱ्यात एकदम “चाहत्यांना फोन-पत्र करायला ज्यांना कमीपणा वाटतो असे महाशय” असं लांबलचक बिरूद लावतो. हे तर आपल्या घरचंच आहे. वऱ्हाडात रागावलेला माणूस शिवी देण्याआधी मानाचं बोलतो. रोज “काय रे” म्हणणारा मित्र “या, मोठे सायेब” म्हणाला की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलं. पोरांना मराठीत हे कडवं सांगायला लावलं, तेव्हा एकाने आपोआप ‘तू’चं ‘तुम्ही’ केलं. मी काही सुचवलं नव्हतं.

तिसरी खुबी आवाजांची. पत्राच्या कडव्यांमागे कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज आहे. पाऊस आहे. कॅसेटच्या कडव्यात गाडी आहे आणि मागून कोंडलेली किंकाळी आहे. कुठेही निवेदक येऊन “आता तो गाडीत बसला” असं सांगत नाही. सांगायची गरजच पडत नाही.

चौथी अशी की ऐकणाऱ्याला पात्रापेक्षा जास्त माहीत असतं. चौथं कडवं सुरू होतं तेव्हा स्टॅन गेला आहे हे आपल्याला ठाऊक आहे, लिहिणाऱ्याला नाही. त्यामुळे “तुझ्या मैत्रिणीला किती महिने झाले?” हे साधं विचारणंही ऐकवत नाही. कीर्तनात हरिश्चंद्र स्मशानात तारामतीकडे कर मागतो तेव्हा मंडप का रडतो? ती कोण आहे हे आपल्याला आधीच कळलेलं असतं, त्याला नाही. तीच जागा आहे.

एक बारीक जागा सांगायची राहू नये. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी स्टॅनला अचानक आठवतं की ही कॅसेट आता टाकणार कोण. इतका वेळ तो कोणाशी तरी बोलत होता. त्या क्षणी त्याला कळतं की समोर कोणी नाही. मला हे गाण्यातलं सगळ्यात एकटं वाक्य वाटतं.

गाणारा ‘मी’ म्हणतो. म्हणजे हे त्याच्याच मनातलं ना?

नाही, आणि या गाण्याचा विषयच हा आहे.

एमिनेमने ‘स्लिम शेडी’ नावाचं एक पात्र उभं केलं होतं: उद्दाम, हिंसक, तोंडाला येईल ते बोलणारं. स्टॅन पत्रं लिहितो ती स्लिमला. पात्र जे बोललं ते त्याने जगायचा नमुना म्हणून धरलं. चौथ्या कडव्यात उत्तर देतो तो पात्रामागचा माणूस, आणि तो म्हणतो की अरे, ते मी गमतीने म्हणतो. पत्र एकाच्या नावाने आणि उत्तर दुसऱ्याकडून. दोघांची गाठ पडणं शक्यच नव्हतं.

आपल्याकडे दंडारीत लुगडं नेसून नाचलेला गडी दुसऱ्या दिवशी वखर घेऊन वावरात दिसतो. त्यामुळे सोंग आणि माणूस वेगळे, हे लहान लेकरालाही कळतं. माझी मावशी झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, वडशाकडची. तिकडे शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्ताने रात्रभर नाटकं चालतात. खलनायकाला शिव्या घालणारे प्रेक्षक पहाटे त्याच नटासोबत चहा पितात, हे तिने पाहिलेलं आहे. स्टॅनला असा पहाटेचा चहा कधी मिळाला नाही. त्याच्याकडे फक्त आवाज आणि फोटो होते.

मधूनमधून बाईचं गाणं येतं ते काय?

ते ब्रिटिश गायिका डायडोचं गाणं. तिच्या १९९९ च्या अल्बममधून त्याचा तुकडा घेऊन द ४५ किंग या निर्मात्याने हा ठेका बांधला. त्या तुकड्यात चहा गार झालेला आहे, खिडकीवर पाऊस आहे, आणि भिंतीवरचा एक फोटो सगळं इतकंही वाईट नाही अशी आठवण करून देतो.

मूळ गाणं प्रेमाचं आहे. उदास सुरू होतं आणि पुढे कोणीतरी घरी असल्याबद्दल आभार मानतं. इथे फक्त उदास भाग घेतला, आभाराचा भाग कापला. भजनात धृपद तेच राहतं आणि प्रत्येक कडव्यानंतर त्याचा अर्थ थोडा सरकतो, तसं इथेही होतं. पहिल्यांदा तो फोटो गोड वाटतो. तिसऱ्या कडव्यानंतर तोच फोटो अंगावर येतो.

त्या पोरीचं नाव काय?

हा प्रश्न अकरावीतल्या एका मुलीने विचारला आणि त्यानंतर आमचं वाचन कायमचं बदललं.

गाण्यात तिला नाव नाही. स्टॅनला आहे, भावाला आहे, गायकाला तर दोन-तीन आहेत. अजून न जन्मलेल्या मुलीलाही नाव ठरलं आहे. जिचा जीव जातो तिला मात्र नाही. स्टॅनच्या कडव्यांत ती तीन वेळा येते: गरोदर म्हणून, मत्सर करणारी म्हणून, आणि डिक्कीतली किंकाळी म्हणून. चाहत्याच्या वेडाची किंमत तिने भरली, पण गाण्यात पत्र लिहायची पाळी तिची कधी येत नाही. गाण्याच्या व्हिडिओत तिची भूमिका डायडोनेच केली आहे. त्यामुळे मधलं ध्रुपद तिचं आहे असं ऐकता येतं. मला आता तसंच ऐकू येतं. तरीही तो उसना आवाज आहे, तिच्या तक्रारीचा एक शब्द त्यात नाही.

हा दोष आहे की मुद्दाम ठेवलेली पोकळी? माझं मत असं: स्टॅनच्या पत्रांत ती नसणं बरोबर आहे, कारण त्याला ती दिसतच नव्हती. पण ऐकणाऱ्यांनीही तिला विसरावं असं काही गाणं सांगत नाही. वर्षानुवर्षं आपण “बिचारा स्टॅन” म्हणत आलो, ते आपलं आहे.

म्हणून आता प्रत्येक गटाला एक काम देतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्याच्या मधे तिचं पत्र लिहा. कोणाला लिहिलं असेल ते तुम्ही ठरवा. त्या मुलीने ते आईला लिहिलं होतं. पहिली ओळ अशी होती: “आई, भिंतीवरचा मानूस आमच्या घरात माह्यापेक्षा जास्त जेवते.”

देवही उत्तर देत नाही. मंग भक्ती अन् हे येड, फरक काय?

एका माळकरी काकांनी विचारलेला प्रश्न, आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला.

बाहेरून दोन्ही सारखं दिसतं. भिंतीवर फोटो, अंगावर गोंदण, मुखी नाम, तासन्‌तास रांगेत उभं राहणं. उत्तराचा हट्टही भक्तीत आहे. विठ्ठलाशी भांडलेले, त्याला वाट्टेल ते बोललेले अभंग आपल्याकडे आहेत. पण शेगावहून किंवा कौंडण्यपूरहून पालखी निघते तेव्हा माणूस एकटा नसतो. महिनाभर शेकडो माणसं सोबत चालतात, कोणाला फोड आला तर कोणीतरी तेल चोळतं, जेवायला गावोगाव पंगत असते. देव बोलला नाही तरी शेजारचा बोलतो. नदीपलीकडे मोझरीला तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजन उभं केलं, तेही सगळ्यांनी मिळून बसायचं. गाडगेबाबा तर कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारत आणि त्यांच्याकडून उत्तर घेत.

स्टॅन खोलीत एकटा आहे. घरात माणूस असून त्याच्याशी बोलत नाही. काकांना मी एवढं सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजे दिंडी नोती त्याले.” याहून नेमकं मला सांगता येत नाही.

‘स्टॅन’ हा शब्द आता सगळीकडे दिसतो. तो इथूनच आला का?

हो. वेडा चाहता या अर्थाने. २००१ मध्येच नास या रॅपरने तो टोमणा म्हणून वापरला, आणि २०१९ मध्ये मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने तो घेतला. आता लोक आपणहून, अभिमानाने स्वतःला स्टॅन म्हणवतात. गोष्ट माहीत असूनही म्हणतात की नसल्यामुळे, हे विचारून पाहण्यासारखं आहे.

माझा मुलगा दिवसभर एकाच रॅपरमध्ये असतो. तशीच केशरचना, तसंच बोलणं. काळजी करू का?

बहुतेक वेळा नाही. या वयात कोणासारखं तरी व्हावंसं वाटतं. आमच्या पिढीने सिनेनटांसारखे केस ठेवले.

ही एकतर्फी जवळीक कशी तयार होते, यावर डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ सालीच लिहिलं. टीव्हीवरचा माणूस कॅमेऱ्यात बघून थेट आपल्याशी बोलल्यासारखा बोलतो, आणि बघणाऱ्याला ओळख झाल्यासारखी वाटते. आज तर रॅपर सकाळी काय खाल्लं तेही मोबाईलवर दाखवतो. जवळीक वाढते, पण ती एकाच बाजूने.

मुलगा काय ऐकतो याच्याआधी हे बघा की त्याबद्दल बोलायला त्याच्याजवळ कोण आहे. मित्रांशी त्या गाण्यावरून भांडतो, हसतो, स्वतः दोन ओळी जुळवतो, तर बरं चाललं आहे. जेवण-झोप सुटली, घरात बोलणं बंद झालं, स्वतःला इजा करतो आहे, किंवा जगायचं नाही असं काही बोलला, तर ते गाण्याचं प्रकरण नाही. ओरडू नका, मोबाईल हिसकू नका, जवळ बसा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र, फुकट आणि मराठीतही चालतो. आमच्या अभ्यासिकेच्या दारावर तो मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. आमच्या जिल्ह्यांनी या दुःखाचे फार दिवस पाहिले आहेत. स्टॅनने दुसऱ्याच कडव्यात सगळं सांगितलं होतं, फक्त ज्याला सांगितलं तो हजारो मैल दूर होता.

शिव्या आहेत. लहान मुलांना ऐकवावं का?

आम्ही दहावीनंतरच ऐकवतो, आणि शिव्या गाळलेली आवृत्ती लावतो. या अल्बममधल्या समलिंगी लोकांवरच्या अपमानकारक ओळींवरून अमेरिकेत निदर्शनं झाली होती. २१ फेब्रुवारी २००१ रोजी ग्रॅमी या संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात एमिनेमसोबत डायडोचा भाग ब्रिटिश गायक एल्टन जॉनने गायला. तो स्वतः उघडपणे समलिंगी. त्याने एमिनेमशी हात मिळवावा की नाही, यावर आमच्याकडे दरवर्षी जोरदार वाद होतो. होऊ द्यावा.

आपल्या बोलीत असं लिहिता येईल?

येईल, आणि लिहितात. वऱ्हाडीत ‘राहिला’, ‘हाये’, ‘मले’, ‘तुले’ असे आखूड, ठसकेबाज शेवट आहेत, ते ठेक्यावर छान बसतात. एकच विनंती करतो: पिस्तुल आणि महागड्या गाड्या लिहू नका, त्या तुम्ही पाहिलेल्या नाहीत. बोंडअळी लिहा. जिनिंगच्या गेटवरची रात्र लिहा. आणि ‘मी’ लिहाल तेव्हा तो मी कोण, हे आधी ठरवा.

टोपी पोचली का?

दर वर्षी कोणीतरी हे विचारतंच, आणि विचारणारं बहुतेक वेळा सगळ्यात लहान असतं.

गाण्यात उत्तर नाही. पत्र लिहिता लिहिताच तुटतं, म्हणजे ते टाकलं गेलं नसावं. काही पोरं म्हणतात, टोपी तरी पाठवली असेल, लेकराचा काय दोष. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये एमिनेमने या गोष्टीचा पुढचा भाग सांगितला. त्यात सहा वर्षांचा मॅथ्यू मोठा झाला आहे, आणि भावाचा सूड घ्यायला गायकाच्या दारात उभा आहे. हे सांगितलं की गट गप्प होतो. मागच्या उन्हाळ्यात एक सहावीतलं पोरगं, मोठ्या भावासोबत आलेलं, दाराजवळ बसून होतं. ते म्हणालं, “मंजे नाही पोचली.”